उरलेल्या जमिनीचे गाव

न्यू जर्सीतील ‘एडिसन’ हे नाव आता आपल्या घरांमध्ये इतके रुळले आहे की ते मुळात एका संशोधकाचे आडनाव आहे, याचाही क्षणभर विसर पडतो. कुणाचा नातू तेथे शिकतो, कुणाची भाची तेथून रोज रेल्वेने न्यूयॉर्कला नोकरीस जाते. कुणी विहीणबाई सहा महिने तेथे राहून परतल्या म्हणजे ओक ट्री रोडवरील भाजीच्या दुकानांचे असे साग्रसंगीत वर्णन करतात की ऐकणाऱ्याला आपले खंडेराव मार्केटच डोळ्यांपुढे यावे. मात्र त्या गावाविषयी यापलीकडे काही विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. ‘अमेरिकेतल्या उपनगराला कसला आला आहे इतिहास!’ असे म्हणून विषय संपतो. आम्हांस हे पटत नाही. आपण स्वतः मूळ भूमीपासून दूर वसलेल्या घराण्यांतले आहोत. वसाहत कशी होते, कोणाच्या जागेवर होते आणि जुने रहिवासी नव्यांकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे प्रश्न आपल्याला तरी परके असू नयेत.

प्रथम ‘टाउनशिप’ या शब्दाविषयी. आपल्याकडे हा शब्द कारखान्याच्या वसाहतीला किंवा बिल्डरने बांधलेल्या संकुलाला लावतात. न्यू जर्सीत त्याचा अर्थ निराळा आहे. तेथे टाउनशिप म्हणजे स्थानिक कारभाराचा एक घटक. कौंटी म्हणजे जिल्हा धरला, तर त्याच्या पोटातील एक हद्द. तिच्यात शेते, वाड्या, रेल्वे स्थानके, दलदली असे काहीही असू शकते. एखादे सलग गाव असलेच पाहिजे असा नियम नाही. १७९८ साली राज्याने कायदा करून अशा टाउनशिपांना रीतसर अस्तित्व दिले. आज त्या लहानशा राज्यात टाउनशिप, बरो, शहरे अशा मिळून ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचा महसूल आणि अभिमान स्वतंत्र. एडिसन ही त्यांपैकी मिडलसेक्स कौंटीतील एक टाउनशिप. क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मैल, २०२० च्या जनगणनेतील लोकसंख्या १,०७,५८८. लाखावर वस्ती असूनही तिला मध्यवर्ती चौक नाही, पेठ नाही. पाहुण्याला ‘गाव दाखवायला’ न्यावे असे एक ठिकाण नाही. नवखा माणूस मोटारीतून तासभर फिरतो आणि शेवटी विचारतो, ‘पण एडिसन कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या गावाच्या इतिहासातच आहे.

भूगोलापासून सुरुवात करू. मॅनहॅटनच्या नैर्ऋत्येस पंचवीस-तीस मैलांवर, रॅरिटन नदीच्या उत्तर काठी हा प्रदेश आहे. नदी येथून थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते, त्यामुळे भरतीचे पाणी या काठापर्यंत चढते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेली प्रचंड हिमनदी याच पट्ट्यापर्यंत पोहोचून थबकली आणि वितळताना तिने वाहून आणलेले दगड, रेती, माती येथे टाकली. पर्थ अँबॉयपासून मटचेनवरून वायव्येकडे जाणारा हा उंचवट्यांचा पट्टा भूवैज्ञानिकांच्या नकाशावर आजही स्पष्ट दिसतो. त्याच्या एका अंगाला तांबड्या शेल दगडाची जमीन आणि दुसऱ्या अंगाला किनारपट्टीची रेती व चिकणमाती. या चिकणमातीवर आसपासच्या गावांतून विटांचे आणि टेराकोटाचे मोठे कारखाने चालले. न्यूयॉर्कच्या कित्येक इमारतींच्या अंगावर याच परिसराची माती आहे.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांमध्ये जाणाऱ्याला हा प्रदेश टाळता येत नाही. मूळची लेनापी लोकांची पायवाट, तिच्यावर वसाहतकाळातील राजमार्ग, त्या मार्गाने १८३० च्या दशकात लोहमार्ग, १९१३ साली देश ओलांडणारा लिंकन हायवे, त्यानंतर रूट १ आणि १९५१ साली टर्नपाइक, असे थरावर थर चढत गेले. एडिसनला मध्य नाही, पण त्याच्यातून वाट मात्र सर्वांची जाते.

लेनापी हे या भूमीचे पहिले ज्ञात रहिवासी. ‘रॅरिटन’, ‘मटचेन’ ही नावे त्यांच्याकडून आलेली. नदीत मासे, काठावर मका-भोपळ्याची शेती आणि ऋतूप्रमाणे समुद्रकाठी मुक्काम असे त्यांचे जीवन होते. १६६४ साली इंग्रजांनी हा मुलूख डचांकडून घेतला आणि लगेच जमिनीच्या खरेदीखतांचे सत्र सुरू झाले. खते झाली, मोबदल्याच्या वस्तूही दिल्या गेल्या. पण जमीन कायमची आणि एकट्याच्या मालकीची होते, ही कल्पना विकणाऱ्यांच्या व्यवहारात बसत नव्हती. त्यांच्या लेखी तो एकत्र वापरण्याचा करार होता. पुढच्या शंभर वर्षांत लेनापी पश्चिमेकडे ढकलले गेले. आज त्यांचे वंशज मुख्यतः ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ येथे आहेत. गावाच्या इतिहासाचे पहिले पान हे असे आहे आणि ते उलटून पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही.

जमिनी घेणारे लोक न्यू इंग्लंडमधून आले. १६६६ साली पिस्काटावे वसले. हे नाव वसाहतकऱ्यांनी आपल्या पूर्वीच्या वस्तीवरून, न्यू हॅम्पशायरकडील पिस्काटाक्वा नदीवरून, सोबत आणले. शेजारच्या वुडब्रिजला १६६९ साली सनद मिळाली. पिस्काटावेकरांमध्ये बॅप्टिस्ट आणि क्वेकर पंथीय बरेच होते. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या काळी कर्मठांचे राज्य होते आणि वेगळ्या पंथाच्या माणसाला तेथे जाच होई. न्यू जर्सीच्या जमीनदारांनी मात्र वसाहतकरी मिळावेत म्हणून उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी दिली होती. १६८९ साली स्थापन झालेली स्टेल्टनची बॅप्टिस्ट मंडळी हा त्याचाच वारसा. गंमत अशी की मूळ पिस्काटावेची जुनी वस्ती, म्हणजे पिस्काटावेटाउन, आज पिस्काटावे टाउनशिपमध्ये नाही. ती एडिसनच्या हद्दीत आहे. नाव एकीकडे राहिले, गाव दुसरीकडे गेले. या प्रदेशात हे वारंवार घडते.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात दोन्ही सैन्ये या वाटेवरून अनेकदा गेली-आली. २६ जून १७७७ रोजी झालेल्या ‘शॉर्ट हिल्स’च्या चकमकीत ब्रिटिश सेनापती हाऊ याने वॉशिंग्टनला डोंगराच्या आश्रयातून मैदानात ओढण्याचा प्रयत्न केला. लॉर्ड स्टर्लिंग म्हणवणाऱ्या अमेरिकन सेनानीच्या तुकड्यांनी त्याला वाटेत अडवून धरले आणि वॉशिंग्टनला सुरक्षित जागी परतायला अवधी मिळाला. या लढतीचा एक भाग ओक ट्री नावाच्या वाडीजवळ झाला. आज ज्या ओक ट्री रोडवर मिठाई, साड्या आणि सोन्याची दुकाने लागून आहेत, त्याचे नाव त्याच वाडीचे.

यानंतर जवळजवळ शतकभर हा भाग शेतकऱ्यांचा राहिला. १७ मार्च १८७० रोजी पिस्काटावे आणि वुडब्रिज यांचे काही भाग तोडून ‘रॅरिटन टाउनशिप’ निर्माण झाली. हीच आजची एडिसन. म्हणजे जन्मापासूनच ती दोन गावांच्या कडांची बनलेली. तिच्या पोटात दोन वस्त्या मात्र खऱ्या अर्थाने गावे होत होत्या. रेल्वे स्थानकाभोवतीचे मटचेन आणि न्यू ब्रन्सविकच्या समोर नदीपलीकडचे हायलंड पार्क. दुकाने, शाळा, पायी फिरता येईल असे रस्ते, हे सगळे तेथे होते.

येथे न्यू जर्सीच्या इतिहासातील एका विलक्षण साथीची हकीकत सांगितली पाहिजे. १८९४ साली राज्याने कायदा केला की प्रत्येक टाउनशिपचा एकच शालेय विभाग असावा. म्हणजे दाट वस्तीच्या आणि विरळ वस्तीच्या सर्व शाळांचा खर्च सर्वांनी मिळून द्यावा. मात्र ‘बरो’ म्हणून वेगळे झालेल्या वस्तीला आपला शालेय विभाग वेगळा ठेवता येई. झाले! ज्या वस्तीत चार पैसे होते ती बरो होऊ लागली. बर्गेन कौंटीत तर दोन वर्षांत बरोंचे अक्षरशः पीक आले. ही लाट पुढे विधिमंडळाने आवरली खरी, पण वेगळे होण्याची वृत्ती शिल्लक राहिली. १९०० साली मटचेन रॅरिटन टाउनशिपमधून वेगळे झाले, १९०५ साली हायलंड पार्क गेले. मटचेनभोवती चारही बाजूंनी टाउनशिपची जमीन असल्याने नकाशावर ती आज मेदूवड्यासारखी दिसते. मधल्या भोकात मटचेन.

आमच्या मते या गावाच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक घटना हीच. एडिसनचा दिवा नव्हे, १९५० नंतरची घरबांधणीही नव्हे. दोन्ही गावे निघून गेल्यावर उरली ती शेते, दलदल, मातीच्या खाणी आणि लोहमार्गाच्या कडेची ठिकाणे. टाउनशिप म्हणजे उरलेली जमीन. जे इतरांना आपल्या गावात नको होते, ते सर्व पुढे या उरलेल्या जमिनीवर आले.

पहिला आला तो स्वतः टॉमस अल्वा एडिसन. मेन्लो पार्क हे रेल्वेलगत काढलेले घरबांधणीचे एक फसलेले प्रकरण होते. नाव कॅलिफोर्नियातील गावावरून उचललेले, आखणी झकास, पण घरे घेणारे फारसे कुणी फिरकले नाही. १८७६ साली एडिसनने तेथे स्वस्तात जागा घेऊन दुमजली लाकडी प्रयोगशाळा उभारली. १८७७ साली तेथे फोनोग्राफ बोलला. १८७९ च्या ऑक्टोबरात कार्बनच्या तंतूचा दिवा तासन्‌तास टिकला आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला लोकांसाठी प्रात्यक्षिक झाले, तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेने खास गाड्या सोडल्या. दिव्याइतकेच महत्त्वाचे असे दुसरे एक काम तेथे झाले. यंत्रकार, काच फुंकणारा, गणिती आणि रसायनज्ञ यांना एका छपराखाली पगारी ठेवून शोध लावण्याचाच कारखाना काढता येतो, हे मेन्लो पार्कने दाखवले.

पण पाच-सहा वर्षांतच एडिसनने आपला पसारा न्यूयॉर्ककडे हलवला. १८८४ साली त्याची पत्नी मेरी मेन्लो पार्कच्या घरी वारली. १८८७ साली त्याने वेस्ट ऑरेंज येथे मोठी प्रयोगशाळा बांधली आणि मेन्लो पार्कच्या इमारती ओस पडल्या, मोडकळीस आल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हेन्री फोर्डने त्यांचे जे अवशेष मिळाले ते, शिवाय तेथील तांबडी मातीसुद्धा, रेल्वेने मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे नेली आणि आपल्या संग्रहालयात प्रयोगशाळा पुन्हा उभी केली. १९३८ साली मूळ जागी स्मारक म्हणून सुमारे १३० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याच्या शिरावर काचेचा भलाथोरला दिवा आहे. ज्याचे नाव गावाने घेतले, त्याची प्रयोगशाळा आता शेकडो मैल दूर आहे आणि तिच्या पायाखालची मातीही तिच्याबरोबर गेली.

मराठी वाचकाला या कहाणीत एक जागा अशी सापडते की तेथे थांबल्याशिवाय राहवत नाही. मेन्लो पार्कपासून साधारण दहा-बारा मैलांवर रोझेल नावाचे गाव आहे. खांबांवरून तारा नेऊन सबंध गावाला विजेचे दिवे पुरवता येतात, हे दाखवण्यासाठी एडिसनने रोझेलची निवड केली आणि १९ जानेवारी १८८३ रोजी ती व्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून जहाजाने न्यूयॉर्कला उतरली आणि रोझेल येथे श्रीमती कारपेंटर यांच्या घरी राहिली. ती आनंदीबाई जोशी. ऑक्टोबरात त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या चरित्रांतून अमेरिकेतील थंडी, कपड्यांचे प्रश्न, कारपेंटरबाईंचा जिव्हाळा हे सर्व येते. ज्या गावात त्यांनी पहिला उन्हाळा काढला, त्या गावाच्या रस्त्यांवर विजेचे दिवे येऊन अवघे पाच महिने झाले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. न्यू जर्सीतील मराठी माणसाचा इतिहास संगणक अभियंत्यांपासून मोजण्याची पद्धत पडली आहे. तो एका विद्यार्थिनीपासून मोजला पाहिजे.

पुन्हा टाउनशिपकडे वळू. विसाव्या शतकात उरलेल्या जमिनीवर आला तो दारूगोळा. लुईस निक्सन या नौकाशिल्पज्ञाने १९१५ साली नदीकाठी स्फोटक रसायनांचा कारखाना काढला. १ मार्च १९२४ रोजी त्याच्या आवारातील एका इमारतीत स्फोट होऊन आग पसरली. सुमारे वीस माणसे मेली आणि कारखान्याचा बहुतेक भाग बेचिराख झाला. १९१७ साली लष्कराने काठावरच्या दलदलीच्या जमिनीवर ‘रॅरिटन आर्सेनल’ हे शस्त्रागार उभारले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पिस्काटावेच्या सीमेवर कॅम्प किल्मर ही छावणी आली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेलेला कवी जॉइस किल्मर शेजारच्या न्यू ब्रन्सविकचा, म्हणून हे नाव. युरोपच्या रणांगणावर जाणारे आणि तेथून परतणारे लक्षावधी सैनिक या छावणीतून गेले. युद्धानंतर १९५६-५७ साली हंगेरीतील उठाव चिरडला गेला, तेव्हा पळून आलेल्या तीस हजारांहून अधिक निर्वासितांना अमेरिकेत पहिला आसरा मिळाला तो येथेच.

ग्वाल्हेरच्या वाचकांना छावणीचे शहर कसे होते हे सांगायला नको. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली किल्ल्याखाली पडला आणि त्याचे ‘लष्कर’ झाले. वाडे, पेठा, मंदिरे सगळे त्या नावाखाली उभे राहिले. एडिसनमध्ये मात्र छावणीचे शहर झाले नाही, गोदाम झाले. १९६० च्या दशकात शस्त्रागार बंद पडले. त्या जागेवर एकीकडे कौंटीचे महाविद्यालय आले आणि दुसरीकडे ‘रॅरिटन सेंटर’ ही विस्तीर्ण औद्योगिक वसाहत. जमिनीत पुरलेला जुना दारूगोळा आणि रसायने शोधून काढण्याचे काम लष्कराच्या अभियंत्यांना त्यानंतर दशकानुदशके करावे लागले.

१९५० साली टाउनशिपची लोकसंख्या १६,३४८ होती. १९६० साली ती ४४,७९९ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचे घरकर्ज मिळू लागले होते. टर्नपाइक झाला होता. १९४८ साली फोर्ड कंपनीचा मोटारीचा कारखाना रूट १ वर सुरू झाला होता. बटाट्याची आणि मक्याची शेते विकली गेली आणि त्यांवर एकसारखी घरे उगवली. येथे एक कडवट सत्य नमूद केले पाहिजे की कर्जहमीच्या त्या काळच्या धोरणात कृष्णवर्णीय कुटुंबांना पद्धतशीरपणे डावलले जाई. घरांच्या व्यवहारातील भेदभाव देशभर बेकायदा ठरायला १९६८ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या उपनगरांचा सुबक हिरवेपणा अशा चाळणीतून आलेला आहे.

या वाढीच्या ऐन मध्यात नाव बदलले. न्यू जर्सीत ‘रॅरिटन’ नावाच्या आणखी दोन टाउनशिप होत्या, एक बरोही होते. गोंधळ होणे स्वाभाविकच. नोव्हेंबर १९५४ मध्ये रॅरिटनची ‘एडिसन’ झाली. नव्याने आलेल्या बहुसंख्य रहिवाशांना जुन्या नावाची ओढ असण्याचे कारणही नव्हते. स्टेल्टनच्या रेल्वे स्थानकालाही पुढे हेच नाव मिळाले.

अशा गावाची घडी समजून घ्यायची तर मालमत्ताकर समजून घ्यावा लागतो. तेथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो. घरे महाग तर कर अधिक, कर अधिक तर शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरे आणखी महाग. त्यामुळे ‘आमच्या गावात कोण राहायला येतो’ हा प्रश्न तेथे पैशाचाही असतो. १८९४ च्या शाळाकायद्यामुळे मटचेन का फुटले आणि आज आपली माणसे एडिसनमधील अमुक एका शाळेच्या हद्दीत घर मिळावे म्हणून का धडपडतात, या दोहोंचे कारण एकच आहे.

उरलेल्या जमिनीचा एक धोका २३ मार्च १९९४ च्या मध्यरात्री सर्वांना दिसला. जमिनीखालून जाणारी ३६ इंच व्यासाची नैसर्गिक वायूची नळी ड्युरम वुड्स या सदनिकांच्या वसाहतीजवळ फुटली आणि ज्वाला कित्येक मैलांवरून दिसल्या. आठ इमारती जळाल्या, दीड हजारांच्या आसपास माणसे बेघर झाली. लोक वेळीच पळाले म्हणून प्राणहानी जवळजवळ टळली. एका स्त्रीचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

भारतीय येथे आले ते याच काळात. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियातील शिकलेल्या माणसांना उघडले. पहिली पिढी क्वीन्समध्ये आणि जर्सी सिटीत राहिली. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ या नावाने काही टोळकी कुंकू लावणाऱ्या बायकांना आणि एकूणच भारतीयांना छळू लागली. लगतच्या होबोकन येथे एका भारतीय तरुणाला मारहाण करून ठार करण्यात आले. नोकऱ्या तर मध्य जर्सीतील संशोधनसंस्थांत आणि औषध कंपन्यांत होत्याच. रूट १ लगत भाड्याच्या सदनिका होत्या. १९७१ साली उघडलेले मेट्रोपार्क स्थानक हद्दीलगतच होते. आयझलिन आणि एडिसन यांच्यामधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर मॉलच्या स्पर्धेने रिकामे पडलेले गाळे स्वस्त होते. मटचेनसारख्या जुन्या बरोत मुख्य रस्त्यावर परक्याचे दुकान येणे ही सबंध गावाची बाब झाली असती. एडिसनमध्ये मुख्य रस्ताच नव्हता. मध्य नसलेल्या गावात मध्याची राखण करणारे कोण असणार?

विरोध झालाच नाही असे मात्र नाही. १९९० च्या दशकात रॅरिटन सेंटरमध्ये, म्हणजे जुन्या शस्त्रागाराच्या जमिनीवर, नवरात्रात हजारोंचा गरबा होऊ लागला. आवाजाच्या आणि गर्दीच्या तक्रारींवरून टाउनशिपने उत्सवावर बंधने घातली. आयोजक संस्था फेडरल न्यायालयात गेली आणि उत्सव टिकला. २००५ साली कोरियन वंशाचे जून चोई महापौरपदी निवडून आले, त्यापूर्वी रेडिओवर त्यांची टर उडवली गेली होती. २०१० साली ‘टाइम’ साप्ताहिकात एडिसनमध्येच वाढलेल्या एका लेखकाने, आपले गाव भारतीयांनी कसे बदलून टाकले यावर विनोदी म्हणून एक लेख लिहिला. तो इतका झोंबला की साप्ताहिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षीच्या जनगणनेत टाउनशिपमधील भारतीयांचे प्रमाण २८ टक्क्यांवर होते. २०१७ साली शाळामंडळाच्या निवडणुकीत दोन आशियाई उमेदवारांच्या छायाचित्रांवर ‘हद्दपार करा’ असा शिक्का मारलेली पत्रके घरोघर पोहोचली. मतदारांनी दोघांनाही निवडून दिले. २०२१ साली सॅम जोशी हे एडिसनचे पहिले भारतीय वंशाचे महापौर निवडले गेले.

दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त तेथे निघालेल्या मिरवणुकीत एक बुलडोझर फिरवण्यात आला. भारतात त्या यंत्राला जो अर्थ आला आहे तो तेथील मुसलमान रहिवाशांना चांगलाच कळला; निषेध झाला आणि आयोजकांनी माफी मागितली. ज्यांना स्वतःला हद्दपारीची पत्रके पाहावी लागली त्यांच्यापैकीच काहींना हे सुचावे, याचे आम्हांस दुःख वाटते. माणूस गाव सोडताना लोणच्याची बरणी नेतो, तशी जुनी भांडणेही नेतो.

आपल्या घराण्यांच्या स्थलांतराशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती जपून करावी. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्यामागे आपले पूर्वज बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस गेले ते सत्तेच्या सावलीत. इनाम, वाडा आणि दरबारातील मान यांच्या आधाराने आपली भाषा तेथे टिकली. स्थानिक लोकांना आपल्याविषयी काय वाटे हे विचारण्याची गरज आपल्याला फारशी पडली नाही. एडिसनला गेलेल्या आपल्या मुलांजवळ व्हिसा, पदवी आणि घरकर्ज याखेरीज काही नव्हते. त्यांना शेजाऱ्याचे मत पहिल्या दिवसापासून विचारात घ्यावे लागले. ओक ट्री रोडची भाषा मुख्यतः गुजराती. म्हणजे बडोद्याच्या मराठी माणसाला तेथेही बाजारात गुजराती बोलण्याची सोय आहे! मराठीचे काम शनिवार-रविवारच्या मराठी शाळा, गणेशोत्सव आणि नाटकांचे प्रयोग यांतून चालते. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२२ चे अधिवेशन याच राज्यात, अटलांटिक सिटीत भरले होते. राजाश्रयावाचून परमुलखात चाललेला मराठीचा हा प्रयोग आपल्या तीनशे वर्षांच्या अनुभवाहून अगदी वेगळा आहे. त्याची फळे पाहायला आणखी दोन पिढ्या थांबावे लागेल.

फोर्डचा कारखाना २००४ साली बंद झाला. शेते केव्हाच संपली. टाउनशिपच्या वायव्य कडेला, मटचेन आणि साउथ प्लेनफील्ड यांच्या सीमेवर, एक मोठी दलदल मात्र अद्याप शिल्लक आहे. जुन्या नकाशांवर तिचे नाव ‘डिस्मल स्वॅम्प’, म्हणजे उदास दलदल. शंभर वर्षे तिच्याकडे कुणी पाहिले नाही. नंतर गोदामे बांधणाऱ्यांनी पाहिले आणि रहिवासी जागे झाले. २००९ साली राज्याने कायदा करून तिच्या रक्षणासाठी आयोग नेमला. त्या आयोगात एडिसन, साउथ प्लेनफील्ड आणि १९०० साली रुसून वेगळे झालेले मटचेन या तिघांनाही एकत्र बसावे लागते.